आधी चूल, मग वीज

पाटण तालुक्यात राहते आणि घरापर्यंत लाइटचा खांब नाही असं सांगितलं, की लोकांना ते खरंच वाटत नाही. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. राज्यातला सगळ्यात मोठा जलविद्युत प्रकल्प आमच्या उशाला आहे. घरामागची धार चढून गेलं की वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. तरी आमच्या दांडावर, म्हणजे डोंगराच्या सोंडेवर, खांब नाही. शेवटचा खांब खाली दीड किलोमीटरवर, मधे वनखात्याची जमीन आणि उभा उतार. लाइन ओढायला अंदाजे किती पैसे लागतील ते ऐकल्यावर आम्ही तो विषय बाजूला ठेवला आणि स्वतःची सोय स्वतः करायची ठरवली.

जमीन सासऱ्यांची. घर त्यांनीच बांधलेलं, दगडमातीचं, मंगलोरी कौलांचं. त्यांच्या हयातीत ते रॉकेलच्या दिव्यावर चाललं. टाळेबंदीत आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा परत जायचंच होतं, पण सासूबाईंनी इथेच राहायचं ठरवलं आणि त्यांना एकटं ठेवणं आम्हाला पटेना. २०२१ पासून आम्ही तिघं इथेच आहोत. नवरा भात आणि नाचणी बघतो, मी पुण्यातल्या दोन-तीन दुकानांचे हिशोब लॅपटॉपवर लिहिते. दांडावर मोबाइलची रेंज चांगली येते, ते एक बरं.

इथे कोणी पाहुणा आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती किलोवॅटचं सोलर बसवलंत?" हा प्रश्न मला आता खटकतो. आधी विचारायला हवं ते हे, की घरात ऊन-ऊन काय काय लागतं आणि ते कशावर तापवता?

हिशोब माझा रोजचाच धंदा, म्हणून मी कागद घेऊन बसले होते. आंघोळीची एक बादली म्हणजे २० लिटर पाणी. ते २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला जवळजवळ ०.६ युनिट वीज लागते. तीन माणसांच्या तीन बादल्या म्हणजे पावणेदोन युनिट. इंडक्शनवर तिघांचा दोन वेळचा स्वयंपाक केला तर आणखी दीड-दोन युनिट सहज. आणि दिवे, पंखे, लॅपटॉप, दोन फोन, राउटर, मिक्सर हे सगळं मिळून? पाऊण ते एक युनिट. म्हणजे तापवण्याचं काम विजेवर टाकलं तर घराला लागते साडेचार युनिट, आणि ते बाजूला काढलं तर एक. पॅनेल, बॅटरी, वायर, इन्व्हर्टर सगळं चारपट मोठं करायचं, ते फक्त पाणी आणि भात शिजवायला. ज्या घरात गोठा आहे, काटक्या आहेत आणि वर्षातले आठ महिने कडक ऊन आहे, तिथे हे करायचं कशाला?

म्हणून आम्ही चुलीपासून सुरुवात केली. पॅनेल नंतर आले.

आमच्याकडे एक म्हैस आणि एक गाय. दिवसाला वीस-पंचवीस किलो शेण मिळतं, तेवढ्यावर एक घनमीटरचं गोबरगॅस संयंत्र चालतं. आम्ही दीनबंधू पद्धतीचं बांधलं. १९८४ साली अ‍ॅफप्रो या संस्थेने काढलेला हा नमुना. सगळा घुमट विटांचा आणि जमिनीखाली, गंजायला लोखंडी टोपण नाही. ह्यात खरी कारागिरी गवंड्याची. घुमटाला आतून गिलाव्याचे थर एकावर एक द्यावे लागतात, वर सिमेंटची निवळी फिरवावी लागते, कारण केसाएवढी भेग राहिली तरी गॅस तिथून निघून जातो. आमचे गवंडीमामा आत बसून बॅटरीच्या उजेडात बोटाने चाचपत होते. वरून बांधकाम बघणारे कंटाळून गेले, ते हलले नाहीत.

भरती केल्यावर पहिले काही दिवस जो गॅस येतो तो पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो सोडून द्यायचा. मग एका सकाळी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, काडी लावली आणि शेगडीवर निळी ज्योत धरली.

"धूर न्हाई की काजळी न्हाई," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्या नुसत्या बघतच होत्या. चाळीस-पन्नास वर्षं फुंकणीने चूल फुंकलेल्या बाईला त्या ज्योतीत काय दिसत असेल, ते मला त्यांच्या डोळ्यांकडे बघून कळलं.

एक घनमीटर गॅसवर एक शेगडी साधारण दोन तास चालते. सकाळचा चहा, दूध, भाजी, आमटी त्यात बसते. शेगडी गोबरगॅसचीच हवी. सिलिंडरच्या शेगडीची भोकं बारीक असतात, त्यातून हा गॅस नीट जळत नाही. नळीत पाणी साचतं, ही दुसरी गोष्ट. गॅस ओलसर असतो, गार नळीत त्याचं पाणी होतं आणि मग ज्योत उड्या मारायला लागते. नळीच्या सगळ्यात खालच्या जागी एक तोटी ठेवली आहे. आठवड्याला ती सोडली की पेलाभर पाणी निघतं आणि ज्योत पुन्हा ताठ.

थंडीत मात्र गॅस कमी होतो. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि शेण कुजवणारे जिवाणू सुस्तावतात. तेव्हा आम्ही शेण कालवायला कोमट पाणी घेतो आणि घुमटावर पेंढ्याचा जाड थर घालतो. तरी निम्म्यावरच येतो. त्या दिवसांत वैलाची चूल पुढे होते.

ती चूल आईंनी स्वतः घातली. पुढच्या तोंडावर तवा किंवा मोठं पातेलं, आणि मागे जाळाची वाट जिथून जाते तिथे वैल. धुराड्यातून वाया जायची ती आच वैलावरच्या आमटीखालून जाते. भाकरीचा तवा उतरेपर्यंत मागे डाळ शिजलेली असते. लाकूड तेवढंच, पदार्थ दोन. नाचणीची भाकरी तर आई अजूनही चुलीवरच करतात, गोबरगॅसच्या ज्योतीवर तवा मधेच तापतो आणि कडा कच्च्या राहतात. शिवाय भाकरी फुगवायला निखारा लागतो. ह्यावर माझं काही म्हणणं नाही, कारण चव मलाही कळते.

तिसरी वस्तू सगळ्यात स्वस्त. आंब्याची लाकडी पेटी, तिच्यात भाताचा पेंढा दाबून भरलेला, मधे पातेल्याएवढा खड्डा, वरून जुनी गोधडी. भाताला उकळी फुटली, पाच मिनिटं गेली, की झाकणासकट पातेलं पेटीत. पाऊण तासाने मोकळा शिजलेला भात निघतो, करपायचा प्रश्नच नाही. भिजवलेली तूरडाळ दहा-पंधरा मिनिटं उकळायची आणि दोन तास पेटीत ठेवायची. शिजायला उष्णता टिकवावी लागते, सतत घालत राहावी लागत नाही. मी आजवर वापरलेल्या सगळ्या साधनांत ह्या पेटीने दिलंय तेवढं कशानेच दिलेलं नाही, आणि तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नाही.

आंघोळीला ऑक्टोबर ते मे सौर बंब. छपरावर काळी पत्र्याची चौकट, वर काच, आणि तिच्याही वर टाकी. पंप लागत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं आणि गार पाणी खाली येतं. पावसाळ्यात सासऱ्यांच्या वेळचा तांब्याचा बंब, काटक्या आणि गोवऱ्यांवर.

एवढं झाल्यावर वीज हा प्रश्न लहान झाला. ३३० वॅटचे दोन पॅनेल, बॅटरीची भरती सांभाळणारा एक चार्ज कंट्रोलर, २४ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. बस्स.

वायरिंग मी केलं. कराडच्या एका इलेक्ट्रिशियनकडे महिनाभर जाऊन शिकले, त्याने येऊन तपासून दिलं. ह्यात मला जे समजलं ते लिहिते, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही.

बॅटरीची डीसी वीज घरगुती एसी करून देणारा इन्व्हर्टर सतत चालू ठेवला तर तो स्वतःच पंधरा-वीस वॅट खातो, काही जोडलेलं नसलं तरी. दिवसाचे झाले साधारण चारशे वॅट-अवर, म्हणजे ०.४ युनिट. आमच्या अख्ख्या घराच्या वापराच्या जवळजवळ निम्मे! म्हणून दिवे आणि पंखे आम्ही थेट २४ व्होल्ट डीसीवर घेतले. सात वॅटचे एलईडी, अठ्ठावीस वॅटचे बीएलडीसी पंखे; जुना पंखा पंचाहत्तर वॅट घ्यायचा. लॅपटॉपही डीसी चार्जरवर. इन्व्हर्टर फक्त मिक्सरच्या वेळेला लावायचा आणि वाटण झालं की बंद.

बारा व्होल्ट का नाही, तर वायरीमुळे. १२० वॅट गोठ्यापर्यंत न्यायचे आहेत असं धरा, अंतर २० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तांबं. बारा व्होल्टला १० अँपिअर वाहतात आणि अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत ३ व्होल्ट वाटेतच संपतात, शेवटी उरतात नऊ. चोवीस व्होल्टला प्रवाह निम्मा, जातात दीडच, आणि तेही चोवीसातून. बटणं आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारी बटणं) हीसुद्धा डीसीचीच घ्यावी लागतात. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे बटण उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसीची ठिणगी तशीच धरून राहते आणि साधं बटण जाळून टाकते. लाकडी वाशांच्या घरात हे फार जपायला हवं.

बॅटरीवर आमची बरीच चर्चा झाली. लेड-अ‍ॅसिड स्वस्त पडत होती, पण ती पूर्ण भरली जावी लागते; आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती मरते. आमच्याकडे जुलैमध्ये ऊन कुठलं? लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी अर्धी भरलेली असली तरी तिचं काही बिघडत नाही. सह्याद्रीच्या पावसाचा पट्टा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पैसे लागले तरी लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या.

वळवाच्या दिवसांत इथे विजा फार पडतात. अर्थिंगचा खड्डा खोल खणून कोळसा-मीठ भरून केलाय आणि पॅनेलच्या वायरीवर सर्ज प्रोटेक्टर आहे. पॅनेल छपरावर न बसवता अंगणाच्या कडेला लोखंडी घोडीवर बसवले, दक्षिणेकडे तोंड करून. पुसायला सोपे, आणि छपरावर वानरांचा धुडगूस असतो. घोडीचा कल हिवाळ्यात वाढवतो. जूनमध्ये तर सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा तो जवळजवळ आडवा करून ठेवतो.

पवनचक्की का नाही, असं बरेच जण विचारतात. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते; वारा निम्मा झाला की वीज आठपट कमी. पठारावर मोकळा वारा आहे, आमच्या दांडाला झाडी आणि डोंगराची आड आहे. विषय संपला. फ्रीजही नाही. दुधाचं विरजण लागतं, ताकाची कढी होते, भाजी परड्यातून रोजची रोज येते, पाणी माठात. पिण्याच्या पाण्याचा झरा घराच्या वर आहे, पाईपने उताराने येतं.

फेब्रुवारीत पॅनेलमधून दिवसाला अडीच युनिट सहज मिळतात, वापर एकाचा. तेव्हा सगळं सोपं वाटतं. खरी परीक्षा पावसाची.

कोयनेच्या खोऱ्यात पाऊस लागला म्हणजे लागतो. आठ-आठ दिवस समोरचा डोंगर दिसत नाही, कपड्यांना बुरा धरतो, मिठाचं पाणी होतं. अशा दिवसांत आमचे पॅनेल पाव युनिट देतात, फार तर अर्धा. पहिल्या पावसाळ्यात आम्ही पंखे बंद ठेवले, दिवा एकच लावला, लॅपटॉपचं काम खालच्या गावात ओळखीच्यांकडे जाऊन केलं. जगता येतं तसं. पण कानात रात्रंदिवस ओढ्याचा आवाज होता आणि मला एकच गोष्ट सुचत होती, की ऊन नाही तेव्हाच तर हा ओढा भरून वाहतो.

किती वीज मिळेल ते काढायला दोनच गोष्टी मोजायच्या. पाणी किती येतं, आणि किती उंचीवरून पडतं. गवंड्याची लेव्हलची नळी घेऊन आम्ही नवरा-बायको ओढ्याच्या काठाने टप्प्याटप्प्याने उतरलो. वरच्या डोहापासून खालच्या चिंचोळ्या जागेपर्यंत चौदा मीटर उतार भरला. पाईपला लावलेली वीस लिटरची बादली पाच सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला चार लिटर. चार गुणिले चौदा गुणिले ९.८१, जवळपास साडेपाचशे वॅट. एवढ्या लहान यंत्रात त्यातले चाळीस टक्के हाती लागले तरी पुष्कळ. दोनशेवीस वॅट. ऐकायला थोडे वाटतात, पण ओढा रात्रीही थांबत नाही. चोवीस तासांचे पाच युनिटच्या वर होतात, फेब्रुवारीतल्या कडक उन्हाच्या दुप्पट!

पाणी कुठून उचलायचं हे आबांनी सांगितलं. आबा आमचे शेजारी, म्हणजे ओढ्यापलीकडे दोनशे मीटरवर त्यांचं घर. सत्तरी ओलांडलेले, आणि हा ओढा त्यांनी लहानपणापासून बघितलेला. आम्ही पाईपाचं तोंड धारेच्या मधोमध लावायच्या विचारात होतो, तिथे पाणी जोरात येतं म्हणून.

"सूनबाई, धारंतनं पाणी नगं घिऊ," आबा म्हणाले. "लोंढा आला की धार धोंडं आणती. डोहाच्या कडंनं घे, ह्या कातळाच्या आडोशाला. हितं पाणी फिरतंय, पळत न्हाई."

"पण आबा, उन्हाळ्याकडे डोह आटला की?"

"तवा तुझं ऊन हाय की."

ते खरंच होतं. त्या कातळाच्या आडोशाला आम्ही दगडी टाकं बांधलं. पाणी आधी जाळीतून टाक्यात येतं, गाळ खाली बसतो, आणि वरचं स्वच्छ पाणी ९० मिलिमीटरच्या काळ्या एचडीपीई पाईपात उतरतं. त्यानंतर आलेल्या एका लोंढ्याने धारेतला दुचाकीएवढा धोंडा पार खालच्या वाफ्यात नेऊन टाकला. टाकं जागच्या जागी.

चाक पेल्टन पद्धतीचं. पाण्याचा झोत नोझलमधून सुटतो आणि चाकाच्या कडेला बसवलेल्या वाट्यांवर आदळतो. प्रत्येक वाटीला मधे धार असते, तिच्यावर झोत दुभंगतो आणि दोन्हीकडे वळून मागे फिरतो. कोयनेच्या पोफळीच्या वीजगृहातली मोठी चाकं ह्याच जातीची. आमचं ताटाएवढं. त्याच्या दांड्यावर कायम चुंबकाचं अल्टरनेटर, तिथून वायर घरच्या बॅटरीकडे. चाकावरून पडलेलं पाणी तिथल्या तिथे पुन्हा ओढ्यात जातं, खालच्या कोणाचं थेंबभरही अडत नाही.

सोलरपेक्षा एक गोष्ट इथे उलटी आहे. बॅटरी भरली की पॅनेल नुसते तोडून ठेवता येतात, त्यांचं काही बिघडत नाही. पाण्याच्या चाकाचं तसं नाही. त्याच्यावरचा भार अचानक काढला की ते मोकाट सुटतं, व्होल्टेज चढतं आणि पुढचं सगळं जाळू शकतं. म्हणून बॅटरी भरली की कंट्रोलर जास्तीची वीज एका हीटरच्या कॉइलकडे वळवतो. ती कॉइल कुठे बसवायची, ह्यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त विचार झाला असेल. पाणी तापवायला? आईंचं म्हणणं पडलं, माळ्याखालच्या खोलीत.

त्या खोलीत आम्ही आता वाळवण करतो. भिंतीला लागून तारा ओढल्या आहेत, खाली वाळूच्या पत्र्यात ती कॉइल, वर कौलांखाली हवा जायला झरोका. जुलैमध्ये, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, तिथे गोधड्या कोरड्या होतात. लुगडी कोरडी होतात. चुलीची लाकडं, नाचणीचं बी, पापडांचे डबे, माझी कागदपत्रं, सगळं तिथे. घाटमाथ्यावर पावसाळा काढलेल्या माणसालाच कोरड्या कपड्याची किंमत कळेल. आमच्या घरात विजेने केलेलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि तेही उरलेल्या विजेने.

मेहनत आहे ती जाळीची. जून-जुलैमध्ये ओढा जंगलाचा सगळा पाचोळा घेऊन येतो. जांभूळ, अंजनी, हिरड्याची पानं जाळीवर थापली जातात आणि पाणी आत शिरायचं कमी होतं. घरात बसूनच कळतं, दिवा तोच असतो पण कंट्रोलरवरचा आकडा दोनशेवीसवरून दीडशे, शंभर असा उतरत जातो. मग डोक्यावर इरलं, पायात गमबूट, हातात खराटा. जळवा असतात, म्हणून बुटांना तंबाखूचं पाणी लावायचं. रात्री जायची वेळ आली तर दोघांनी जायचं आणि कातळाला बांधलेला दोर धरल्याशिवाय टाक्याजवळ उतरायचं नाही, हा नियम आहे. एकदा आकडा एकदम शून्यावर आला. नोझल उघडून बघितलं तर आत एक खेकडा अडकून बसलेला, कडेने पाणी फवारत होतं. त्याला सोडवलं, टाक्याच्या तोंडाला आत आणखी एक बारीक जाळी लावली. मग आम्ही जाळी उभी न ठेवता तिरकी बसवली, पाणी आत पडतं आणि पानं वरून घसरून पुढे जातात. आता दिवसातून एकदा हात फिरवला तरी पुरतं.

वर्षातला सगळ्यात अवघड काळ म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा. ढग आलेले असतात, पण ओढा भरलेला नसतो. मेमध्ये तापलेली जमीन पहिला पाऊस सगळा पिऊन टाकते. उकाडाही असतो. ऊन नाही आणि पाणी नाही अशा त्या दिवसांत बॅटरी हीच आमची कणगी, अडीच युनिटांची, आणि ती पुरवून पुरवून वापरायची. पंखा फक्त आईंच्या खोलीत, बाकीचे अंगणात झोपतात. माझं मोठं काम मी मेअखेरीस उरकून ठेवते. मग एक दिवस ओढ्याचा आवाज बदलतो, खालच्या दगडांवर पांढरं पाणी दिसायला लागतं, आणि आम्ही चाक जोडतो. ऑक्टोबर उलटला, ओढ्याची धार मनगटाएवढी झाली की ते काढायचं, बेअरिंगला ग्रीस भरायचं आणि पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायचं.

खर्चाचं सांगते. पॅनेल, कंट्रोलर, बॅटरी, वायरिंग मिळून सव्वा लाखाच्या आसपास गेले. ओढ्याचं चाक, पाईप आणि टाकं ह्याला सत्तर हजारांच्या पुढे, त्यात पाईपच निम्म्याहून जास्त. गोबरगॅसला अनुदान मिळालं. पेंढ्याची पेटी फुकट. पैशाने मोजलं तर खालून लाइन ओढण्यापेक्षा हे पुष्कळ कमी आहे, पण दररोज कोणीतरी हात लावायला हवा हे धरून चालायचं. शेण कालवणं, जाळी साफ करणं, नळीतलं पाणी काढणं. आमच्या घरात ह्या कामांच्या वाटण्या ठरलेल्या आहेत आणि सण असो, पाहुणे असोत, त्या मोडत नाहीत.

आता आबांचं घर जोडायचं आहे. पावसाळ्यात वीज वाळवणाच्या खोलीला पुरूनही उरते, आणि ओढ्यापलीकडे दोनशे मीटरवर आबा आणि आजी बॅटरीच्या टॉर्चवर पावसाळा काढतात, हे मला किती दिवस बघवलं नाही. चोवीस व्होल्ट तिथपर्यंत जाणार नाहीत, वायरीतच संपतील. म्हणून ह्या एका कामापुरता इन्व्हर्टर चालू ठेवायचा आणि २३० व्होल्टची लाइन न्यायची. शंभर वॅटला अर्धा अँपिअरही वाहत नाही, चारशे मीटर तांब्यात जेमतेम सव्वा व्होल्ट जातो. पावसाळ्यात इन्व्हर्टरचे वीस वॅट ओढ्याला जड नाहीत. उन्हाळ्यात त्यांना दोन दिवे आणि फोनचं चार्जिंग, तेही सांजवेळी चार तास.

आबांनी एकच विचारलं, "टीव्ही बी चालंल का?"

चालेल. लहान एलईडी टीव्ही तीस वॅट घेतो, पावसाळ्यात खुशाल. मार्चनंतर मॅच असली तर आधी सांगायचं. पैशाचं त्यांनी विचारलं तेव्हा नवऱ्याने नको म्हटलं, पण आबांना ते पटलं नाही. शेवटी असं ठरलं की वायर आणि खांबाची लाकडं अर्धी-अर्धी, आणि पावसाळ्याचे चार महिने सकाळची जाळी आबांकडच्यांनी बघायची; ती त्यांच्या बाजूनेच जवळ पडते. खड्डे भात झोडून झाल्यावर, दिवाळीनंतर खणायचे आहेत.